ब्लांश कॅलोवेची ७८ आरपीएम तबकडी: खरखर कशी घालवायची?

गिरगावकर: चोरबाजारात अमेरिकन जॅझ गायिका ब्लांश कॅलोवेची १९३१ची व्हिक्टर कंपनीची तबकडी मिळाली. एलपीच्या सुईवर नुसती खरखर. दादरला श्रवणसत्रात लावायची आहे. बाईंबद्दल काय सांगावं?

लाखतबकडी: आधी ती सुई काढा. टोक जेमतेम १८ मायक्रॉनचं, खाचेच्या तळाशी धुळीतच घासतं. ७५ मायक्रॉनच्या आसपासची घ्या. दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो ऐका, खरखर बरीच उतरते. स्पिरिट अजिबात नको, तबकडीची लाख विरघळते. पाण्यात सौम्य साबणाचा थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं ठेवा.

मध्यलय: 'गायक कॅब कॅलोवेची बहीण' एवढ्यावर भागवू नका राव, आधी नाव तिचं झालं. १९२५ला ओके (Okeh) या रेकॉर्ड कंपनीसाठी गायली तेव्हा कॉर्नेटवर (ट्रंपेटसारखं वाद्य) जॅझचा दिग्गज लुई आर्मस्ट्राँग होता! तिच्या जॉय बॉइज बँडमध्ये सगळे पुरुष, म्होरकी ती. सॅक्सोफोनवर बेन वेबस्टर, ड्रम्सवर कोझी कोल. वर्णभेदाचा काळ, १९३६ला मिसिसिपीतल्या यझू सिटीत पेट्रोलपंपावरचं स्वच्छतागृह वापरलं म्हणून अटक झाली. ती कोठडीत असताना बँडमधलाच एकजण पैसे घेऊन पसार. १९३८मध्ये दिवाळखोरी. पुढे फ्लोरिडात रेडिओ निवेदिका.

गिरगावकर: सुईचा दाब किती ठेवू?

लाखतबकडी: साधारण ३ ते ५ ग्रॅम, पण कार्ट्रिजवर (सुई बसवलेला भाग) दिलेली मर्यादा बघूनच. कमी ठेवलात तर ट्रंपेटसारख्या ब्रास वाद्यांच्या जोरकस सुरांवर सुई उडते.