मदत हवी आहे: चिलरचं पाणी ९ अंशांखाली उतरेना

मोहोळचा_दूधवाला:
मोहोळजवळ दूध संकलन केंद्र आहे. दूध गार करणाऱ्या चिलरचं पाणी ४ अंशांवर यायचं, आता ९ च्या खाली येत नाही. सक्शन (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब) पडलंय. दोनदा गॅस भरला. कारागीर म्हणतो कॉम्प्रेसर गेला. बाहेर ४२ अंश, पहाटे दूध येणार. लवकर सांगा.

शीतयंत्री:
गॅस कोणता? सक्शन किती, गेज कुठे लावलंय?

बार्शीकर:
क्षार आहे तो. बोअरचं पाणी असंच. हायड्रोक्लोरिक ॲसिड फिरवा, अर्ध्या तासात मोकळं.

शीतयंत्री:
नको ओ! त्यातलं क्लोराइड गॅस आणि पाण्यामधल्या स्टेनलेस प्लेटला बारीक छिद्रं पाडतं, मग पाणी थेट कॉम्प्रेसरमध्ये. सायट्रिक वापरा.

बार्शीकर:
आठ वर्षं हेच करतोय, काही झालं नाही.

मोहोळचा_दूधवाला:
पाणी बंद टाकीतलं आहे, बोअरचं नाही. गॅस आर-२२. कॉम्प्रेसरजवळ ४६ पीएसआय.

अक्कलकोट_रेफ्रिजरेशन:
प्लेटा वाढवा, दुसरा इलाज नाही.

शीतयंत्री:
प्लेटा वाढल्या की प्रत्येक फटीतला वेग कमी होतो. वाटेत दाब कमी खर्च होतो खरा, पण दर प्लेटची उष्णता घेण्याची ताकदही उतरते. आधी प्लेटमधून गॅस बाहेर पडतो त्या तोंडाशी दुसरं गेज लावा. शून्य अंशाजवळ आर-२२ चे सव्वादोन पीएसआय वाटेत गेले की एक अंश गेला समजा.

मोहोळचा_दूधवाला:
तिथे ४७. प्लेट तर नवीच आहे की, दहा दिवसांपूर्वी बसवली.

शीतयंत्री:
हे आधी सांगायचं ना दादा! लाइन चोंदलेली नाही, एकाच पीएसआयचा फरक आहे. पाणी कुठून शिरतं?

मोहोळचा_दूधवाला:
खालून. गॅसही खालूनच.

शीतयंत्री:
इथेच घोळ आहे. गॅस वर जिथून बाहेर पडतो, तिथे येणारं गरम पाणी भेटायला हवं, तेव्हाच सुपरहीट, म्हणजे वाफ झालेल्या गॅसला वरची जादा उष्णता, मिळते. तुमच्याकडे तिथे सगळ्यांत गार पाणी आहे. गॅस किती सोडायचा ते ठरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या, तापमान जोखणाऱ्या बल्बला सुपरहीट कमी दिसते, व्हॉल्व्ह मिटत जातो, सक्शन पडतं. गॅस भरून हे सुटणार नाही. पाण्याच्या नळ्या अदलाबदल करा, पाणी वरून आत, खालून बाहेर. दोनदा भरलेला जादा गॅसही काढून घ्या.

मोहोळचा_दूधवाला:
रात्री नळ्या फिरवल्या. पहाटे पाचला पाणी ५ अंश, सक्शन ५५. पहिले कॅन आत्ताच उतरले.