पत्र हातानेच लिहायला हवं का?

निळी शाई
डेन्मार्कमध्ये १६२४ पासून चालत आलेलं सरकारी टपालाचं पत्रवाटप २०२५ च्या शेवटी थांबलं. २००० सालापासून तिथली पत्रांची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घसरली होती, तेव्हा हिशेबाने निर्णय बरोबरच असणार. (उरलीसुरली पत्रं आता एक खासगी कंपनी पोचवते.) त्यावर गळे काढायला हा धागा नाही. मला वेगळंच भांडायचं आहे.

ज्याला लिहायची हौस आहे, पण कथा-कविता म्हटलं की हात आखडतो, त्याने आधी पत्रं लिहावीत. आणि हाताने लिहावीत. कोऱ्या कागदाची भीती बहुतेकदा वाचणारा कोण हे माहीत नसल्याची असते. पत्रात तो ठरलेला. त्याला आधीच काय ठाऊक आहे, कुठे तो हसेल, कुठे चिडेल, हे लिहिताना डोळ्यांसमोर असतं. त्यामुळे काय गाळायचं ते आपोआप कळतं, आणि लेखनातलं निम्मं कसब गाळण्यातच आहे.

हाताने का? कागदावरची खाडाखोड लपत नाही. वाक्य आधी मनात जुळवावं लागतं, आणि तरी बिनसलं तर खोडलेला शब्द वाचणाऱ्यालाही दिसतो. त्याने तो उजेडात धरून वाचायची धडपड करावी, यात वेगळीच गंमत आहे. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगने थिओला, म्हणजे धाकट्या भावाला, लिहिलेली साडेसहाशेच्या आसपास पत्रं आज उपलब्ध आहेत. कित्येक पत्रांत मजकूर थांबवून त्याने हातातल्या चित्राचं रेखाटन काढलंय, कुठे कोणता रंग तेही लिहिलंय. कळफलकावर हे झालं असतं?

कळफलक
नावच घेतलंत म्हणून बोलतो :) पहिल्या निम्म्याशी सहमत. वाचणारा ठरलेला असला की लिहिणं सुटतं. पण त्यात हाताचा काय संबंध? प्राचीन रोममधला वक्ता सिसेरो, त्याची पत्रं दोन हजार वर्षं वाचली जाताहेत. त्यातली कितीतरी त्याने लेखनिकाला तोंडी सांगितलेली, टायरो हा त्याचा लेखनिक तर प्रसिद्धच आहे. बायबलमधलं संत पॉलचं 'रोमकरांस पत्र' तर्तियस नावाच्या माणसाने उतरवून घेतलं, आणि शेवटाकडे पठ्ठ्याने स्वतःचाही नमस्कार त्यात घुसडलाय!

ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना दिसत नाही, ज्यांचं अक्षर शाळेपासून टोमणे खात आलंय, त्यांना तुमचा हा 'हातानेच' दारातच अडवतो. बोलून टाइप करणाऱ्याला लेखनाचा आनंद कमी मिळतो, हे कशावरून?

अर्धविराम
निळी शाई, +१. हाताने लिहिलेलं जास्त डोक्यात शिरतं हे तर संशोधनानेच सिद्ध झालंय.

तळटीप
'सिद्ध झालंय' जरा जपून. तुम्ही बहुधा म्युलर आणि ओपनहायमर यांचा २०१४ चा अभ्यास म्हणताय. तो व्याख्यानात काढलेल्या टिपणांबद्दल होता. लॅपटॉपवाले विद्यार्थी वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवत होते. हाताने लिहिणाऱ्यांना तेवढा वेग नव्हता, म्हणून ते आपल्या शब्दांत आटोपत होते. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा फरक तितका ठाम दिसला नाही. आणि पत्र लिहिताना समोर कुणी व्याख्यान देत नसतं.

निळी शाई
तळटीप, मान्य. तो मुद्दा माझा नव्हताच.

कळफलक, पॉल तुमच्यावरच उलटतो. बायबलमधल्याच 'गलतीकरांस पत्रा'च्या शेवटी तो म्हणतो, बघा, किती मोठ्या अक्षरांत मी स्वतःच्या हाताने लिहितोय. का लिहावंसं वाटलं? सिसेरोसुद्धा स्वतः न लिहिता दुसऱ्याकडून लिहवून घेतलं की आपल्या मित्राला, अॅटिकसला, कारणं देतो, फार कामात आहे वगैरे. हात महत्त्वाचा नसता तर कारण देण्याची वेळ का आली?

कळफलक
ओळख पटावी म्हणून! पॉलच्या बाबतीत तरी उघड आहे, त्याने दुसऱ्या एका पत्रात स्वतःच्या अक्षरातला नमस्कार ही खूण असल्याचं सांगून ठेवलंय. ते काम सहीचं. सिसेरोच्या बाबतीत अर्धा गुण देतो.

समास
दोन्हीकडून पत्राचं जरा जास्तच कौतुक चाललंय. जी उरली आणि छापली गेली तेवढीच आपण वाचतो. बाकीची? 'आम्ही सर्व मजेत, तुम्हीही असाल', हवामान, आजारपण, उत्तराची वाट पाहतो, संपलं.

आणि तो निवांतपणा, तो संथपणा! १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीचं टपाल सुरू होईपर्यंत दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरायचा, आणि पैसे बहुधा पत्र घेणाराच भरायचा. पाकिटात घातलं तर पाकीटही एक कागद धरलं जाई. म्हणून लोक पान भरलं की ते आडवं फिरवून त्याच मजकुरावर काटकोनात पुन्हा लिहायचे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांचं काय व्हायचं ते विचारू नका. ते मन लावून लिहीत असतील, नाही म्हणत नाही, पण त्यांच्या डोक्यात हिशेबही होताच.

रिकामं पाकीट
समास, तुमचा मुद्दा पटला, पण त्यातूनच मला उलटं दिसतं. जागा कमी असली की माणूस निवडून लिहितो.

मला मात्र धाग्याच्या 'आनंद' या बाजूबद्दल बोलायचंय. लेखक फ्रान्झ काफ्काने १९१९ मध्ये वडिलांना पत्र लिहिलं. हस्तलिखित शंभराहून जास्त पानांचं. ते वडिलांपर्यंत कधी पोचलंच नाही. आणि कळफलक, खूश व्हा, त्याने ते स्वतः टंकलिखितही करायला घेतलं होतं. त्या लेखनाला आनंद म्हणायला जीभ रेटत नाही. पण वडिलांना उद्देशून असल्याखेरीज त्यातलं एक पानही लिहिलं गेलं नसतं. मला वाटतं, पत्राचा खरा उपयोग तो. आपल्याला नक्की काय म्हणायचंय ते कुणाला तरी सांगता सांगताच कळतं. पाठवणं न पाठवणं पुढचं.

अर्धविराम
मग ती रोजनिशीच झाली की.

रिकामं पाकीट
नाही. रोजनिशीत मी स्वतःला सहज माफ करते. पत्रात समोरचा मध्येच 'खोटं!' म्हणेल अशी धाकधूक असते, भले तो ते कधीच वाचणार नसो.

लिहायला शिकणाऱ्यांना मी एक खेळ सुचवते. तुमच्या कथेतल्या पात्राला पत्र लिहायला लावा, आणि त्या पत्रात त्याला एक गोष्ट लपवू द्या. ज्याला पत्र आहे त्याला ती कळू नये, पण तिसऱ्या वाचणाऱ्याला कळावी. कुठे तो गरजेपेक्षा जास्त खुलासा करतो, कुठे विषय बदलतो, कोणत्या माणसाचं नाव टाळतो. संवाद लिहून जे महिनोन्‌महिने साधत नाही ते इथे दोन पानांत हाताला लागतं.

कळफलक
हे भारी आहे. आणि टाइप करूनही जमतं, नोंद घ्यावी.

निळी शाई
जमेल. पण त्या पात्राने काहीतरी लिहून खोडलंय, हे कसं दाखवाल?

कळफलक
शब्दावर मधून रेघ मारायची सोय असते हो!

निळी शाई
ती रेघ तुम्ही ठरवून मारणार. खरी खाडाखोड ठरवून होत नाही.

समास
कथेतलं सगळंच ठरवून असतं, निळी शाई. हा मुद्दा कळफलकांचा.

माझी तक्रार वेगळी, व्यवहारातली. हाताने लिहिलेलं पत्र टाकलं की गेलं, आपल्याकडे काही उरत नाही. थिओची व्हिन्सेंटला लिहिलेली बहुतेक पत्रं आज नाहीत, कारण व्हिन्सेंटने ती जपली नाहीत. एखादं वाक्य झकास जमलं आणि समोरच्याने पत्र रद्दीत घातलं तर?

रिकामं पाकीट
जाऊ दे की. ते त्याच्यासाठीच होतं.

समास
तुम्ही जाऊ द्या. मी पाकीट चिकटवण्याआधी फोटो काढणार. झकास वाक्यं माझ्याकडे इतकी येत नाहीत.