पार्टिशन : विभाजन, विभाग की पोटहिस्सा?

मुळाक्षर
लिनक्स बसवण्याची एक पुस्तिका मराठीत करतोय. आधीच्या मसुद्यात डिस्कच्या पार्टिशनला सरसकट 'विभाजन' केलंय, क्रियेलाही आणि तिच्यातून निघालेल्या तुकड्यालाही. त्यामुळे वाक्य असं झालं : 'विभाजन करताना पहिले विभाजन ५१२ एमबीचे ठेवा व दुसऱ्या विभाजनाचे विभाजन करू नका.' वाचणाऱ्याने काय समजायचं? शिवाय 'बूटलोडर डिस्कवर बसवा, पार्टिशनमध्ये नको' (बूटलोडर म्हणजे संगणक चालू होताच लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) यातला वर आणि मध्येचा भेद टिकवायचाय.

शुद्धिपत्र
करणं ते विभाजन, झाला तो विभाग. यात चर्चेसारखं काय आहे?

जुना पेंग्विन
विभाग म्हटलं की महसूल आणि शिक्षण आठवतं. 'विभाग पुसला' हे वाक्य कोणी म्हणेल का? लोक 'पार्टिशन पाडलं' म्हणतात. प्लॉट पाडतात, तुकडे पाडतात, तसं. नाम परकं असलं तरी क्रियापद अस्सल मराठी आहे.

बांधावरचा
जमिनीच्या दप्तरात शब्द तयार आहेत की. क्रियेला फाळणी, तुकड्याला हिस्सा. एमबीआर म्हणजे जुन्या पद्धतीच्या डिस्कचा पहिला सेक्टर. त्याच्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बूटच्या कोडला, ६४ पार्टिशनच्या तक्त्याला, २ सहीला. तक्त्यात १६ बाइटांच्या चारच नोंदी मावतात, म्हणून चौथी एक्स्टेंडेड करून तिच्या आत लॉजिकल पाडायची. एक्स्टेंडेड हा गट, लॉजिकल हे त्याचे पोटहिस्से. एक्स्टेंडेड उडवली की पोटातलं सगळं जातं, हेही न सांगता कळतं.

शुद्धिपत्र
फाळणीला १९४७ चिकटलंय, ते पुसता येत नाही.

बांधावरचा
भूमी अभिलेखात 'फाळणीबारा' म्हणतात, तिथे कोणाला १९४७ आठवत नाही.

जुना पेंग्विन
पण पोटहिस्सा फसवा आहे. लॉजिकलचे क्रमांक ५ पासून सुरू होतात आणि एसडीए५ (एसडीए या डिस्कवरचं पाचवं पार्टिशन) काढली की एसडीए६ सरकून एसडीए५ होते. शेजारचा हिस्सा विकला म्हणून तुमचा नंबर बदलतो का? जीपीटी या नव्या तक्त्यात तर पोट हा प्रकारच नाही. साधारणपणे १२८ नोंदींची जागा, सगळ्या एका पंगतीत.

मुळाक्षर
मान्य. आणि वर/मध्ये?

जुना पेंग्विन
एमबीआरमध्ये भेद खरा आहे. ४४६ बाइटांत ग्रब, म्हणजे लिनक्सचा नेहमीचा बूटलोडर, मावत नाही. उरलेला भाग पहिल्या सेक्टरनंतर, पहिलं पार्टिशन सुरू होईपर्यंतच्या मोकळ्या पट्टीत बसतो. हल्ली पार्टिशन २०४८व्या सेक्टरपासून सुरू होतं, म्हणजे जवळजवळ १ एमबी मिळतो. जुन्या डिस्कवर ६३व्यापासून सुरू होतं, तिथे जेमतेम ३१ केबी. एलव्हीएम किंवा रेडची (अनेक डिस्क एकत्र वापरायच्या पद्धती) मॉड्यूल घातली की जागा संपते. एसडीएऐवजी एसडीए१ दिलंत तर ग्रबला फाइलचे ब्लॉक क्रमांक टिपून ठेवावे लागतात. फाइल हलली की बूट बंद, म्हणून ग्रब-इन्स्टॉल सक्ती केल्याशिवाय ऐकत नाही.

जीपीटी आणि बायॉस (संगणक सुरू करणारी जुनी व्यवस्था) एकत्र असतील तर ती मोकळी पट्टी नाही. १ एमबीचं, फॉरमॅट न केलेलं, जीडिस्क या साधनात ईएफ०२ प्रकाराचं पार्टिशन लागतं. आज्ञेत 'डिस्कवर', बसतो 'पार्टिशनमध्ये'. यूईएफआयमध्ये (बायॉसच्या जागी आलेली नवी व्यवस्था) तर डिस्कचं नाव दिलंत तरी दुर्लक्षलं जातं. फाइली ईएसपी या फॅट३२ पार्टिशनात जातात.

शुद्धिपत्र
म्हणजे तुमचं मूळ वाक्यच कालबाह्य. 'प्रतिष्ठापना करा' लिहा आणि मोकळे व्हा.

बांधावरचा
प्रतिष्ठापना केली की उत्तरपूजा आणि विसर्जनही आलं. 'बसवा' उत्तम, गणपतीही बसवतातच. मला खरी भीती 'फॉरमॅट'च्या 'स्वरूपित करा'ची वाटते. विंडोजची ईएसपी, बहुधा १०० एमबीची, लिनक्सला तशीच वापरता येते. फक्त ती /बूट/ईएफआयवर माउंट करायची, म्हणजे जोडायची. तिच्यापुढे 'स्वरूपित करा'वर खूण केली की विंडोजचा लोडर गेला. स्वरूपित म्हणजे रंगरंगोटी वाटते हो. 'पुसून नव्याने आखा' असंच लिहा.

नवखा
मध्येच विचारतो. एक लॉजिकल पार्टिशन काढलं, आता संगणक चालू करताच 'नो सच पार्टिशन' आणि ग्रब रेस्क्यूची आज्ञा-ओळ येतेय.

जुना पेंग्विन
वर म्हटलं तेच, क्रमांक सरकला. 'एलएस' देऊन यादी बघा. ज्यात /बूट/ग्रब दिसेल ते, समजा (एचडी०,एमएसडॉस५), घेऊन 'सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस५)/बूट/ग्रब', मग 'इन्समॉड नॉर्मल', मग 'नॉर्मल'. मेन्यू आला तरी त्या नोंदीत जुनाच क्रमांक असेल तर ई दाबून तो सुधारा. आत गेल्यावर ग्रब-इन्स्टॉल एसडीएला आणि अपडेट-ग्रब. विंडोजची नोंद गायब झाली तर ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या इतर सिस्टम शोधणारा) बंद असतो; /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रबमध्ये 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स' करा.

शुद्धिपत्र
एचडी० म्हणजे पहिली डिस्क आणि ५ म्हणजे पाचवंच पार्टिशन? हा कुठला न्याय?

जुना पेंग्विन
ग्रब २ मध्ये डिस्क शून्यापासून, पार्टिशन एकापासून. जुन्या ग्रबमध्ये दोन्ही शून्यापासून होती.

मुळाक्षर
मग 'शून्यावी डिस्क' लिहू?

बांधावरचा
लिहा. फक्त शुद्धिपत्रांना प्रूफं दाखवू नका.