मदत हवी आहे: एपिओफ्लेबिया लेडलॉई चतुरांत घालू की टाचण्यांत?

नमस्कार मंडळी,

शाळेच्या निसर्ग मंडळासाठी भारतातल्या चतुर-टाचण्या या कीटकांचा मराठी तक्ता करते आहे. रकाने दोनच आखले होते. बसल्यावर पंख पसरतो तो चतुर, पाठीवर मिटते ती टाचणी, एवढं मुलांना पाठ आहे. (पंख अर्धवट उघडे ठेवणाऱ्या टाचण्याही असतात, ते पुढच्या वर्गात सांगते.) पण दार्जिलिंगच्या या एका जातीपाशी घोडं अडलंय.

हिची अळी प्राणिशास्त्रज्ञ स्टॅन्ले केम्प यांना १९१८ साली दार्जिलिंगकडच्या सोनाडाजवळच्या ओढ्यात मिळाली. कीटकशास्त्रज्ञ टिलयार्ड यांनी १९२१ मध्ये केवळ अळीवरून जातीचं वर्णन केलं. पूर्ण वाढलेल्या कीटकाचं वर्णन यायला १९६०चं दशक उजाडलं! हिमालयातल्या थंड, खळाळत्या ओढ्यांत ती वाढते. हिची जपानी बहीण, एपिओफ्लेबिया सुपरस्टेस, अळी म्हणूनच पाण्यात पाच वर्षांहून जास्त काळ काढते.

अडचण अशी: अंग चतुरासारखं भरदार, पण चारही पंख जवळपास सारखे, बुडाशी निमुळते, आणि बसताना मिटलेले. अळीला मात्र टाचणीच्या अळीसारखे शेपटीकडचे तीन कल्ले नाहीत. जुन्या पुस्तकांत हिच्यासाठी ॲनिसोझायगॉप्टेरा हा तिसरा उपगण दिसतो. नव्या लेखनात ती चतुरांसोबत एपिप्रोक्टा या गटात असते. मुलांना काय सांगू? आणि मराठीत हिला म्हणू काय?

प्रतिसाद १

ताई, दोन्हीत भांडण नाही. ॲनिसोझायगॉप्टेरा हे नाव कीटकशास्त्रज्ञ हँडलिर्श यांनी १९०६ मध्ये मुख्यतः मध्यजीव काळातल्या (डायनोसॉरच्या काळातल्या) जीवाश्मांसाठी काढलं. पुढे लक्षात आलं की त्यात बसवलेले जीवाश्म एका वंशाचे नाहीत. आज त्या नावाखाली जिवंत अशी एपिओफ्लेबिया ही एकच प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) उरते. डीएनएच्या अभ्यासातही ती चतुरांची सर्वांत जवळची नातलग ठरते. म्हणून रकान्यांऐवजी फांद्या काढा. पहिल्या फाट्यावर टाचण्या वेगळ्या होतात. उरलेली फांदी म्हणजे एपिप्रोक्टा, आणि तिला पुन्हा दोन फाटे: एक चतुरांचा, दुसरा हिचा.

‘अर्धा चतुर, अर्धी टाचणी’ असं मात्र कृपया लिहू नका. मुलांना तो संकर वाटेल. तसे पंख तिने टाचणीकडून घेतलेले नाहीत, पूर्वजांची ती ठेवण तिच्यात टिकून राहिली असावी.

धागाकर्ती

मनापासून आभार! फांद्यांची कल्पना फारच आवडली, आजच तक्ता नव्याने आखते. नावाचा प्रश्न तेवढा राहिला. दार्जिलिंग, सिक्कीमकडे राहणारं कुणी मराठी माणूस इथे असेल, तर तिथल्या नेपाळी बोलणाऱ्या लोकांत हिला काही नाव आहे का, एवढं विचारून सांगाल का? आपण इथे बसून नाव पाडण्यापेक्षा ते आधी कळलेलं बरं.