मदत हवी आहे: अहिराणी पुस्तकांना कोणता वर्गांक द्यावा?

नमस्कार मंडळी. चोपड्याजवळच्या आमच्या गावच्या वाचनालयात ड्युई पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेला आकडा (वर्गांक) देऊन, पुस्तकं लावतोय. केळीचं सोपं गेलं: ६०० तंत्रज्ञान, त्यात ६३० शेती, त्यात ६३४ फळबागा, पुढे ६३४.७७२ म्हणजे केळी. कापूस मात्र ६३३.५१, वेगळ्या कप्प्यात. आमच्याकडे दोघांचा बांध एकच, पण असो.

अडलंय अहिराणीवर, म्हणजे आमच्या खानदेशातल्या बोलीवर. जात्यावरच्या अहिराणी ओव्यांचा संग्रह ३९८ लोकसाहित्यात घालू की ८९१.४६१ मराठी कवितेत? अहिराणी शब्दसंग्रह तर पेन्सिलीने '४९१.४६?' (मराठी भाषेचा आकडा) लिहून आठवडाभर टेबलावर पडलाय. रोज पेपर वाचायला येणारे आबा विचारतात, "अहिराणीले सोतानं घर नही का?"

कोणी हे काम केलंय का? पुस्तक एका कप्प्यात ठेवून सूचीत दोन ठिकाणी नोंदवलं तर वाचकांना सापडतं का? तुमचा अनुभव सांगा.