सोफा: कापडाआधी सांगाडा बघा

‘वीस वर्षांचा सोफा विकून नवा घ्यावा की कापड बदलावं?’ यावर सगळे कापडाबद्दलच बोलताहेत, म्हणून लिहितेय. आधी सोफा उलटा करून खालचं अस्तर थोडं उसवा. आत सागवान किंवा दुसरं भरीव लाकूड असेल, सांधे हलत नसतील, भुसा पडत नसेल, तर कृपया तो भंगारात देऊ नका. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) फुगलेला असेल तर मात्र नवं कापड म्हणजे पैसे पाण्यात.

बसल्यावर खड्डा पडतो तो बहुतेकदा दबलेल्या फोममुळे किंवा फोमखालच्या सैल पट्ट्यांमुळे. बैठकीला ४० डेन्सिटीचा फोम मागा, पाठीला ३२ चालतो. डेन्सिटी म्हणजे घनमीटरमागे किलो, कडकपणा नव्हे. कडकपणा बसूनच ठरवावा. आईच्या सोफ्याचे आम्ही फक्त पट्टे आणि फोम बदलले, जुनंच कापड धुऊन चढवलं. गुडघेदुखी असूनही ती आता कुणाचा हात न धरता उठते.

मुंबई-कोकणात राहत असाल तर स्वस्त पीयू लेदर, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेलं नकली चामडं, नकोच, दमट हवेत त्याची सालपटं निघतात. आणि मोठ्या नक्षीचं कापड निवडलंत तर नक्षी जुळवायला जास्त मीटर लागतं, ते आधीच विचारून घ्या.