मदत हवी आहे: श्रीलंकेत गर्दी नसलेलं रान, वडिलांना एक पाखरू दाखवायचंय

नमस्कार मंडळी,

मी खानापूर तालुक्यातला, जांबोटी भागातला. मराठी शाळेत शिक्षक आहे. येत्या उन्हाळी सुट्टीत आई-आप्पांना श्रीलंकेला न्यायचं घाटतंय. आम्ही चौघं: आप्पा (६९), आई (६४), बायको आणि मी. हातात आठ दिवस. आमच्यातलं कुणीच अजून देशाबाहेर गेलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ज्यांनी तिकडचं रान पाहिलंय त्यांनी वेळ काढून वाचावं, ही विनंती.

श्रीलंकाच का, ते आधी सांगतो. आप्पांचं निम्मं आयुष्य रानात गेलं. मी तिसरी-चौथीत असताना त्यांनी मला वेताच्या जाळीपाशी उभं केलं आणि वाळक्या पानांच्या झुबक्याकडं बोट दाखवलं. मला पानंच दिसत होती. आप्पा हळूच म्हणाले, "नीट बघ, त्यातली दोन पानं श्वास घेतायत." बराच वेळ बघितल्यावर कळलं, ती पाखरांची जोडी होती. एक करडं, एक तांबूस. एकमेकांना चिकटून, डोळे मिटून, अजिबात न हलता. आप्पांना नाव ठाऊक नव्हतं. घरात आम्ही त्याला पानपाखरू म्हणायचो.

चार वर्षांपूर्वी बाहेरगावचे काही पक्षी बघणारे आले होते, आप्पांनी त्यांना वाट दाखवली. त्यांनी पुस्तक उघडून नाव सांगितलं: श्रीलंका फ्रॉगमाउथ. त्या रात्री जेवताना आप्पा पुन्हा पुन्हा विचारत होते, "आमचं पाखरू लंकेचं कसं काय?"

मग मी वाचायला लागलो. हे पाखरू जगात दोनच ठिकाणी आहे, आपल्या पश्चिम घाटात आणि श्रीलंकेत. शास्त्रज्ञ या दोन्ही प्रदेशांना मिळून जैवविविधतेचा एकच पट्टा मानतात. हिमयुगात समुद्र खाली गेला होता तेव्हा मधली जमीन उघडी पडून दोन्हीकडं ये-जा होती. मलबार ट्रोगनही दोन्हीकडं सापडतो. नकाशा समोर ठेवून हे सांगितलं तेव्हा आप्पा म्हणाले, "म्हणजे तिकडचं रान आपल्या रानाची भावकीच की." तेव्हापासून त्यांच्या मनात आहे, ती भावकी एकदा बघून यायची.

आता गर्दीचं. आप्पा रान कानानं ओळखतात. कुठं कोण ओरडलं, कुणाला बघून ओरडलं, पाणी कुठल्या अंगाला आहे, हे ते बसल्या जागी सांगतात. गोंगाट असला की त्यांच्यासाठी तिथं काही उरतच नाही. आपल्याकडं काय झालंय ते तुम्ही सगळे बघताच. जुलैच्या रविवारी आंबोलीला धबधब्याच्या आवाजाआधी गाड्यांतली गाणी ऐकू येतात. चोर्ला घाटाच्या रस्त्याला जिथं थोडी मोकळी जागा आहे तिथं बाटल्यांच्या काचा. ज्या जाळीत मी ते पाखरू पहिल्यांदा पाहिलं, तिथं आता लोक गाड्या लावून फोटो काढतात. जोडी आत सरकली असेल अशी आशा आहे. दोन वर्षं आप्पा त्या बाजूला गेलेले नाहीत.

बेळगावातल्या एका टूरवाल्याकडं चौकशी केली. त्यांनी कागद पुढं केला: कँडी, नुवारा एलिया, एल्लाचा नऊ कमानींचा पूल, 'याला' नावाचं राष्ट्रीय उद्यान, बेंटोटा. मी म्हटलं, आम्हाला रान हवंय, शांत. ते म्हणाले, 'याला' आहे की, तिथं बिबट्या दिसतो. यालाच्या पहिल्या ब्लॉकमध्ये एका बिबट्याभोवती किती जीपा गोळा होतात याचे फोटो मी पाहिलेत. तसं बघणं आप्पांना सोसणार नाही. त्यामुळं स्वतःच जुळवायचं ठरवलं.

आतापर्यंत जमवलेली माहिती अशी. सिंहराजा हे पावसाळी रान पहिल्या पसंतीचं. १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि फ्रॉगमाउथ तिथं आहे. आत जायला तीन बाजू दिसतात: वायव्येला कुडावा, दक्षिणेला देनियायकडून, आणि उंचावरची मॉर्निंग साइड. कुठली बाजू आप्पांच्या गुडघ्यांना झेपेल? सपाटीवर ते अजून तीन-चार किलोमीटर आरामात चालतात, चढ-उतार मात्र जमत नाही. दुसरं, नकल्सचा डोंगर. त्यातलं पिटवल पतन हे गवताळ पठार फोटोत अगदी आपल्या कणकुंबीकडच्या सड्यासारखं दिसतं, पातळ माती आणि खाली खडक. तिसरं विल्पत्तू, श्रीलंकेतलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय उद्यान. चौथं गल ओया, जिथं जीपऐवजी होडीतून जनावरं बघतात. आठ दिवसांत चारही होणार नाहीत, हे कळतंय. दोन निवडायची झाली तर कुठली?

वेळेचा पेच वेगळाच. कर्नाटकातल्या शाळांना साधारण १० एप्रिलनंतर सुट्टी लागते आणि मे संपायच्या आत शाळा उघडतात. महाराष्ट्रातल्या मंडळींसारखा जून हाताशी नसतो. तिकडं मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि सिंहराजा नेमकं त्याच बाजूला. एप्रिलच्या मध्यावर त्यांचं नववर्ष येतं, तेव्हा सगळा देश सुट्टीवर असतो म्हणतात. दसऱ्याच्या सुट्टीत जावं तर ऑक्टोबरातही पाऊस. मग जावं कधी?

आणि आईचं. ती माळकरी आहे. कांदा-लसूण चालतं, पण मासळीचा वास आलेलं ताटही ती बाजूला सारते. तिकडं रानाजवळच्या खेड्यांत तिचं जेवणाचं कसं व्हायचं? आठ दिवस चिवडा-दशम्यांवर तिला ठेवणं मला पटत नाही.

अनगोळची अक्का

गुरुजी, आम्ही दोघं तीन वर्षांपूर्वी सिंहराजाला राहून आलो, म्हणून लिहिते. डोळे झाकून कुडावाची बाजू घ्या. १९७०च्या दशकात प्लायवूडसाठी तिथली झाडं यंत्रानं तोडली जात होती. लोकांनी विरोध केला म्हणून ते थांबलं. त्या काळातला लाकडं वाहायचा रस्ता अजून आहे, तोच आता चालायची वाट. रुंद आहे, फार चढ नाही, आणि दोन्हीकडं रान दाटलेलं. तुमच्या आप्पांना झेपेल. देनियायची बाजूही देखणी आहे, पण तिथं ओढे ओलांडणं आणि दगडांवरून चालणं जास्त. गुडघेदुखीवाल्यांनी टाळावी.

आत जाताना वाटाड्या घ्यावाच लागतो, दारावर तिकिटाबरोबर मिळतो. त्याला पहिल्यांदाच सांगा, की आम्हाला यादी पुरी करायची नाही, एकाच जागी तासभर बसायचंय. आम्ही तसं सांगितलं तर त्याचा चेहराच खुलला. त्यानं आम्हाला पाखरांची मिश्र टोळी दाखवली. वेगवेगळ्या जातींची पाखरं एकत्र रान चाळत जातात, बहुतेक वेळा पुढं केशरी चोचीचे सातभाई आणि तुरेवाला कोतवाल. दहा मिनिटं सगळं रान बोलत होतं, मग पुन्हा शांत. आप्पांना हे कानानं कळेल.

फ्रॉगमाउथच्या दिवसा बसायच्या जागा वाटाड्यांना ठाऊक असतात. पण जवळ नेऊ नका म्हणा, फ्लॅश नको, आणि मोबाइलवर आवाज वाजवून बोलवायला तर अजिबात लावू नका. त्यांचं एकच अंडं असतं. दिवसा नर, म्हणजे करडं पाखरू, बसतो, रात्री मादी. त्याला उठवलं तर अंडं उघडं पडतं.

आईंच्या जेवणाचं महत्त्वाचं. तिकडं उम्बलकड म्हणून सुकवलेल्या माशाचा चुरा असतो, तो नारळाच्या चटणीत, भाज्यांत, कशातही घालतात. डोळ्यांना दिसत नाही. नुसतं शाकाहारी म्हणून भागत नाही, "उम्बलकड एपा" असं स्पष्ट सांगा. एपा म्हणजे नको. बाकी वरण (ते परिप्पू म्हणतात), कोवळ्या फणसाची भाजी, नारळाच्या रसातल्या भाज्या, शेवयांसारखे इडिआप्पम, सगळं आपल्याला आवडेल असं. गावात तमिळ लोकांची शाकाहारी हॉटेलं सापडतात. रानाजवळ घरगुती ठिकाणी उतरला तर बाईमाणसाशी बोलून घ्या, त्या वेगळं भांडं काढतात. मला तरी कुठं नाही म्हटलं नाही.

निपाणीकर

जळवांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सिंहराजात जळवा भरपूर, पाऊस पडला की जास्तच. लांब जळूमोजे शिवून घ्या, बेळगावात कुठलाही शिंपी जाड कापडाचे शिवून देईल. आमच्या निपाणीत लोक तंबाखूचं पाणी सांगतील, मीठ सांगतील. घरी चालतं, तिकडं नको. ओढ्यात ते उतरतं आणि त्या रानात बेडकांच्या कितीतरी जाती आहेत ज्या दुसरीकडं कुठंच नाहीत. चिकटली जळू तर नखानं बाजूनं सोडवा, रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरू नका. आप्पांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मात्र डॉक्टरांना विचारून निघा.

चंदगडचा मुसाफिर

गुरुजी, तारखांबद्दल. त्यांचं नववर्ष १३-१४ एप्रिलला. त्याच्या पुढचा आठवडाही सोडा, नुवारा एलियाकडं तर महिनाभर जत्राच असते. २० तारखेनंतर कोलंबोत उतरा. एप्रिलमध्ये तिथं दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, सकाळ बहुतेक स्वच्छ मिळते. रानात पहाटे शिरा आणि बाराच्या आत परत या. मे महिन्यावर ढकलू नका, नैर्ऋत्य पाऊस लागला की सिंहराजात वाट दिसत नाही.

आणखी एक. प्रत्येक पौर्णिमेला त्यांची पोया, म्हणजे सरकारी सुट्टी. लोक कुटुंबासह बाहेर पडतात. पंचांग बघून पौर्णिमा आणि शनिवार-रविवार रानाच्या दिवसांतून वगळा. निम्मी गर्दी तिथंच कमी होते, जागा कुठलीही असो. याला उद्यान पाहायचं नाही हे तुमचं बरोबर आहे, पण सोमवार ते गुरुवार गेलं तर बऱ्याच नावाजलेल्या जागाही शांत असतात.

दुसऱ्या जागेसाठी माझं मत गल ओया. विल्पत्तू मला फार आवडलं, पावसाच्या पाण्यानं भरणारी नैसर्गिक तळी आहेत, तिथं विल्लू म्हणतात. पण ते वायव्येला, सिंहराजापासून उलट दिशेला, आणि जीपचे धक्के दिवसभर. गल ओयाला इंगिनियागलहून होडी निघते, सेनानायक समुद्र नावाच्या मोठ्या जलाशयात. मार्च ते जुलै तिथला चांगला काळ. हत्ती एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जातात. इंजिन बंद केलं की फक्त पाणी आणि पाखरं. मी पाहिलं तेव्हा आमची धरून दोनच होड्या होत्या. सिंहराजाहून तिथं जायला अख्खा दिवस जातो, वाटेत उडवलवे लागतं, तिथं आप्पांना जेवायला आणि पाय मोकळे करायला थांबवा.

विमानतळ कोलंबो शहरात नाही, नेगोंबोजवळ आहे. पहिली रात्र नेगोंबोत काढा, शहरात शिरू नका. आणि पासपोर्ट जवळ असू द्या, सार्क देशांच्या नागरिकांना काही ठिकाणी तिकिटात सवलत असते.

धागाकर्ता

अक्का, निपाणीकर, मुसाफिर दादा, तुमचे मनापासून आभार. काल रात्री सगळं घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. आई "उम्बलकड एपा" पाठ करतेय. बायकोनं जळूमोज्यांचं माप घेतलं.

ठरलं ते असं. २१ एप्रिलच्या सुमारास राणी चन्नम्मा रेल्वेनं बेंगळूर, तिथून विमानानं कोलंबो. नेगोंबोत एक रात्र, कुडावाला तीन रात्री, एक दिवस प्रवास, गल ओयाला दोन, आणि परत. नकल्सचं पठार राहिलं, ते मला एकट्याला कधीतरी करता येईल. पंचांग बघून पौर्णिमा टाळतोय. कुडावाचे तिन्ही दिवस आठवड्याच्या मधले येतील असं जुळवलंय.

नर दिवसा अंड्यावर बसतो हे वाचल्यावर आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आपल्या जाळीतलं करडं पाखरू नेहमी आतल्या अंगाला असायचं, ते आता कळलं. आणि आज सकाळी, दोन वर्षांनी, ते त्या बाजूला जाऊन आले. रस्त्यापासून बरंच आत, ओढ्याच्या पलीकडं. काही दिसलं नाही म्हणाले, पण उद्या पुन्हा जाणार आहेत.

त्यांचा एक प्रश्न राहिलाय. तिथल्या खेड्यातले लोक त्या पाखराला आपल्या भाषेत काय म्हणतात? वाटाड्याला भेटल्यावर त्यांना त्याच नावानं विचारायचंय. कुणाला ठाऊक असेल तर इथं लिहा.